मदत हवी आहे: मारामारीतल्या जखमींची ठिकाण-वेळेची माहिती रुग्णालयाकडून कशी मिळवावी?

नमस्कार मंडळी,
आमच्या बसस्थानकामागे वाइन शॉप आणि परमिट रूम एकाला एक लागून आहेत. शटर पडलं की सगळी गर्दी चखन्याच्या गाड्यांभोवती जमते आणि शनिवारी बाटल्या फुटतातच. हद्द महापालिकेची, पोलीस आयुक्तालय आहे.

मोहल्ला कमिटीत विषय मांडला, गस्त वाढली. पण पोलिसांची गाडी येऊन जाते आणि राडा नंतर होतो. 112 ला फोन करायला गाडीवाले कचरतात, उद्या त्याच गिऱ्हाइकाला भुर्जी द्यायची असते. आडव्या बाटलीचं मतदान कृपया सुचवू नका, दुकानं बंद करणं हा हेतू नाही.

वेल्समधल्या कार्डिफला डॉ. जोनाथन शेफर्ड यांनी सुरू केलेली पद्धत इथे करून पाहायची आहे. रुग्णालयाने जखमीला कुठे, कधी, कशाने मारलं एवढंच विचारायचं आणि नाव गाळून ते पोलिसांना व पालिकेला कळवायचं. गस्त त्यावरून ठरते. 2011 च्या अभ्यासात तशाच इतर शहरांच्या तुलनेत मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणारे 42 टक्के कमी आढळले.

एमएलसी (मारहाणीसारख्या प्रकरणात रुग्णालय करतं ती वैद्यकीय-कायदेशीर नोंद) पोलिसांकडे जाते हे माहीत आहे, पण ती केसपुरती. टाके घालून गुपचूप घरी जाणारे त्यात येत नाहीत. माहिती अधिकारात जुने आकडे मिळतील, आम्हाला दरमहा हवेत.

तर असा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायचा की पोलीस आयुक्तांमार्फत? आणि कुणी असा नमुना अर्ज केलेला आहे का?