आयोवातल्या काउंट्या ओस पडताहेत: आकडे वाचायचे कसे आणि खरं कारण कोणतं?

मोजपट्टी (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची लोकसंख्या २०१० ते २०२० या दहा वर्षांत ३०,४६,३५५ वरून ३१,९०,३६९ झाली. राज्य वाढलं, तरी ९९ पैकी ६८ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) माणसं कमी झाली. राजधानी डे मॉइनला लागून असलेली डॅलस काउंटी दीडपट झाली (६६,१३५ वरून ९९,६७८) आणि राज्यातली लोकसंख्येने सर्वात छोटी अ‍ॅडम्स काउंटी ४,०२९ वरून ३,७०४ वर आली.

माझे प्रश्न असे:

१. लोक सोडून जाताहेत की जन्मापेक्षा मृत्यू जास्त होताहेत, हे काउंटीच्या पातळीवर वेगळं कसं काढायचं?
२. सगळं खापर शेतीच्या यांत्रिकीकरणावर फोडलं जातं. ते कितपत खरं?
३. काही ग्रामीण काउंट्या घटलेल्या नाहीत. त्या कशाच्या जोरावर टिकल्या?
४. माणसं कमी झाली की काउंटीत आधी काय कोलमडतं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. ढोबळ मतं बरीच वाचून झाली आहेत.

---

शिल्लकबाकी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साध्या वजाबाकीत आहे, पण तीत चुकायच्या जागा बऱ्याच आहेत.

१ एप्रिल २०१० आणि १ एप्रिल २०२० या दोन गणनांमधला फरक घ्या. त्याच दहा वर्षांतले जन्म वजा मृत्यू काढा. हा आकडा एकूण फरकातून वजा केला की उरतं ते निव्वळ स्थलांतर. समजा दहा हजारांच्या काउंटीत १,०५० जन्म आणि १,२५० मृत्यू झाले, तर नैसर्गिक घट २००. लोकसंख्या प्रत्यक्षात ८०० ने कमी झाली असेल, तर उरलेले ६०० निव्वळ बाहेर गेले.

आता चुका कुठे होतात ते.

जन्माची नोंद आईच्या राहत्या काउंटीप्रमाणे घ्यायची, प्रसूती जिथे झाली त्या काउंटीप्रमाणे नाही. आयोवातल्या अनेक ग्रामीण रुग्णालयांनी प्रसूती विभाग बंद केले आहेत. तिथल्या बायका शेजारच्या काउंटीत बाळंत होतात. चुकीचा तक्ता उचलला तर छोट्या काउंटीत जन्म जवळपास शून्य दिसतात आणि सगळी घट नैसर्गिक वाटू लागते.

दुसरी चूक वार्षिक अंदाजांची. सेन्सस ब्युरो (अमेरिकेचं जनगणना खातं) दरवर्षी १ जुलैचे अंदाज काढतं आणि प्रत्येक नव्या संचात मागच्या वर्षांचे आकडेही सुधारतं. म्हणून २०२१ चा आकडा जुन्या संचातून आणि २०२३ चा नव्या संचातून घेऊन वजाबाकी करू नका, पूर्ण मालिका एकाच संचातून घ्या. त्या फाइलमध्ये जन्म, मृत्यू, देशांतर्गत स्थलांतर आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर वेगवेगळ्या रकान्यांत असतं, आणि यांत कुठेच न बसणाऱ्या उरलेल्या फरकाचा 'अवशेष' नावाचा आणखी एक रकाना असतो. तो सोडून बेरीज केली तर हिशेब जुळत नाही आणि माणूस उगाच दिवसभर चूक शोधत बसतो.

पण निव्वळ स्थलांतराचा एकच आकडा फसवा असतो, वय पाहिल्याशिवाय तो वापरूच नये. २०१० मध्ये १५–१९ वयाचे जितके होते, त्यांची २०२० च्या २५–२९ गटाशी तुलना करा. या वयात मृत्यू अगदी कमी, त्यामुळे गुणोत्तर ०.६ आलं तर शंभरातली चाळीस मुलं परतली नाहीत असं धरायला हरकत नाही. हेच गुणोत्तर २५–२९ चे ३५–३९ झाले त्यांच्यासाठी काढा. बऱ्याच ग्रामीण काउंट्यांत ते १ च्या वर जातं, कारण तिशीतली जोडपी लेकरं घेऊन तिथे राहायला येतात. 'सगळेच सोडून जाताहेत' हे चित्र इथेच मोडतं. फक्त एक सांभाळा: कॉलेज असलेल्या काउंटीत १५–१९ गटात बाहेरून आलेले विद्यार्थीही मोजलेले असतात. एम्समध्ये विद्यापीठ असल्यामुळे स्टोरी काउंटीचं हे गुणोत्तर काढून काहीच हाती लागत नाही.

---

नांगरट

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. यांत्रिकीकरण हे कारण खरं आहे, पण ते फार जुनं आहे आणि आजची घट सरळ त्याच्या माथी मारता येत नाही.

१९०० मध्ये आयोवात सुमारे २ लाख २९ हजार शेतं होती, सरासरी १५१ एकरांची. २०२२ च्या कृषी गणनेत ८६,९११ उरली, सरासरी ३४५ एकर. या सरासरीत हौशी, पाच-दहा एकरवालेही धरले आहेत. मका-सोयाबीनवर घर चालवणाऱ्यांचं क्षेत्र त्याहून बरंच मोठं असतं.

लक्षात घ्या, १९०० ते १९१० मध्ये अख्ख्या राज्याचीच लोकसंख्या घटली होती, २२,३१,८५३ वरून २२,२४,७७१. तेव्हा शेतात ट्रॅक्टर जवळपास नव्हतेच. पश्चिमेकडे आणि कॅनडात स्वस्त जमीन मिळत होती, तिकडे लोक गेले. अ‍ॅडम्स काउंटीत १९०० साली १३,६०१ माणसं होती. म्हणजे ही उतरण सव्वाशे वर्षांची आहे.

मोठा घाव बसला १९८० च्या दशकातल्या शेती संकटात. सत्तरच्या दशकात जमिनीचे भाव चढले, लोकांनी त्या भावावर कर्जं काढली, मग व्याजदर भडकले आणि जमिनीचे भाव कोसळले. १९८० ते १९९० मध्ये राज्य २९,१३,८०८ वरून २७,७६,७५५ वर आलं. गेले ते बहुतेक विशी-तिशीतले. त्यांची मुलं दुसरीकडे जन्मली, आणि त्या मुलांची मुलंही. जे मागे राहिले ते आज सत्तरीपुढे आहेत. त्यामुळे आता एकही माणूस बाहेर गेला नाही तरी अशा काउंटीत मृत्यू जन्मापेक्षा जास्तच होणार. चाळीस वर्षांपूर्वीचं स्थलांतर आज मृत्यूच्या रकान्यात दिसतं. 'तरुणांना थांबवा' एवढ्याच धोरणाने आकडा वर येत नाही तो यामुळे. थांबवण्याजोगे तरुण मुळात थोडे उरलेत. बाहेरून माणसं येणं हाच खरा मार्ग, आणि ती आली तर राहणार कुठे हा पुढचा प्रश्न. छोट्या गावात नवं घर बांधायचा खर्च त्याच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो, बँक कर्ज देते ती मूल्यांकनावर, आणि मधली तफावत भरायला कोणी पुढे येत नाही. घरं बांधणाऱ्यांना करसवलत देणाऱ्या राज्याच्या वर्कफोर्स हाउसिंग टॅक्स क्रेडिट योजनेत छोट्या शहरांसाठी वेगळा हिस्सा राखलाय तो याच अडचणीसाठी.

---

तळटीप

तिसऱ्या प्रश्नासाठी बुएना व्हिस्टा काउंटी बघा. तिचं मुख्य ठाणं स्टॉर्म लेक. तिथे डुकराच्या आणि टर्कीच्या मांसावर प्रक्रिया करणारे मोठे कारखाने आहेत. लाओसमधून, मेक्सिकोतून आणि इतर देशांतून आलेली कुटुंबं तिथे स्थिरावली. काउंटी २०,२६० वरून २०,८२३ झाली. वाढ किरकोळ वाटेल, पण आजूबाजूच्या काउंट्या घटत असताना ही वाढली. शिवाय येणारी कुटुंबं तरुण, त्यामुळे शाळा भरलेल्या आणि जन्म मृत्यूपेक्षा जास्त.

याची दुसरी बाजू म्हणजे एकाच मालकावर सगळी भिस्त. डॅलस काउंटीतल्या पेरी गावातला टायसनचा डुकराच्या मांसाचा कारखाना जून २०२४ मध्ये बंद झाला, सुमारे १,३०० नोकऱ्या गेल्या. गाव आठ हजारांच्या आतलं. पण काउंटीचा आकडा पाहणाऱ्याला यातलं काही कळणार नाही, कारण त्याच काउंटीतलं वॉकी धडाधड वाढतंय. म्हणून काउंटीवर थांबू नका, गावनिहाय आकडेही काढा.

न्यूटनचं उदाहरण उलट आहे. जॅस्पर काउंटीतल्या या गावातला मेटॅगचा धुलाई यंत्रांचा कारखाना २००७ मध्ये बंद झाला, तरी २०२० मध्ये काउंटीची लोकसंख्या २००० पेक्षा थोडी जास्तच भरली. डे मॉइन तिथून रोज गाडीने जाण्याजोगं आहे, हा मोठा फरक.

आणखी एक सापळा तुरुंगांचा. कैदी जिथे कोंडलेला आहे तिथलाच रहिवासी म्हणून गणनेत धरला जातो. जोन्स काउंटीतल्या अ‍ॅनामोसात एका वॉर्डात जवळपास सगळी 'लोकसंख्या' तुरुंगातली होती, बाहेरचे रहिवासी साठाच्या आत. २००५ मध्ये तिथून एकजण दोन मतांवर नगर परिषदेत निवडून आला! पुढे शहराने वॉर्डपद्धतच सोडली. शेजारच्या इलिनॉयमधली अलेक्झांडर काउंटी २०१० ते २०२० मध्ये ८,२३८ वरून ५,२४० वर आली, ३६ टक्के घट. त्यातला काही भाग २०१३ मध्ये बंद झालेल्या टॅम्स तुरुंगाचा आणि केरो गावातल्या सरकारी वसाहती रिकाम्या केल्याचा आहे. म्हणून कोणतीही मोठी उडी किंवा घसरण दिसली की आधी तुरुंग, वसतिगृह, नर्सिंग होम यांतली माणसं वेगळी काढा.

आणि 'ग्रामीण काउंट्या' असा गट करताना वर्गीकरण कोणत्या वर्षाचं आहे ते तपासा. ग्रामीण काउंटी वाढली की ती महानगरी गटात ढकलली जाते. नव्या यादीने मागचा काळ मोजलात तर ग्रामीण गटात घटणाऱ्याच उरतात आणि ग्रामीण भाग कायम घटतानाच दिसतो.

---

गट्टू

चौथा प्रश्न. लोकांना वाटतं कर बुडतो आणि रस्ते आधी जातात. आयोवात तसं होत नाही. माणसं गेली तरी जमीन तिथेच राहते आणि तिच्यावर मालमत्ता कर लागतो. शेतजमिनीचं करमूल्य बाजारभावावर ठरत नाही, पाच वर्षांच्या सरासरी उत्पादकतेवर ठरतं, त्यामुळे उत्पन्न बऱ्यापैकी स्थिर असतं. रस्त्यांचं दुखणं वेगळं आहे: मैलामैलावर चौकटीत आखलेलं जाळं तेवढंच राहतं आणि त्यावरच्या छोट्या पुलांचीही देखभाल करावीच लागते. नादुरुस्त पुलांच्या संख्येत आयोवा देशात आघाडीवर आहे. एका पुलापलीकडे दोनच घरं उरली की काउंटी तो दुरुस्त करण्याऐवजी बंद करायचा विचार करते.

आधी कोलमडते ती शाळा. राज्याचा निधी डोईमागे मिळतो, २०२४-२५ साठी ७,८२६ डॉलर, आणि मोजणी आदल्या ऑक्टोबरची. दहा मुलं कमी झाली तर ७८,२६० डॉलर गेले. पण ती दहा मुलं बालवर्ग ते बारावी अशा तेरा इयत्तांत विखुरलेली असतात, त्यामुळे एकही वर्ग बंद करता येत नाही, एकही बस कमी होत नाही. मागच्या वर्षीच्या बजेटच्या १०१ टक्क्यांची हमी आहे, पण तो वरचा पैसा स्थानिक मालमत्ता करातूनच उभा करावा लागतो. मग पुढची पायरी म्हणजे शेजारच्या शाळेबरोबर इयत्ता वाटून घेणं आणि शेवटी विलीनीकरण.

दुसरी गोष्ट रुग्णवाहिका. ती बहुतेक स्वयंसेवकांवर चालते आणि स्वयंसेवक म्हातारे होताहेत. २०२१ च्या कायद्याने काउंटीला ही सेवा अत्यावश्यक ठरवून त्यासाठी कर लावता येतो, पण मतदारांचा ६० टक्के कौल लागतो. साध्या बहुमताने भागत नाही.

---

मोजपट्टी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका राहिली: उत्पन्न आणि वय यांसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे (सेन्सस ब्युरोची नमुना पाहणी) वापरला तर चालेल ना? अ‍ॅडम्सचे आकडे एका वर्षातच बरेच हललेले दिसताहेत.

---

शिल्लकबाकी

चालेल, पण पाच वर्षांची उत्तरं एकत्र केलेलाच संच घ्या. एक वर्षाचा ६५,००० च्या वरच्या काउंट्यांसाठीच निघतो, आयोवात २०२० च्या गणनेनुसार अशा दहाच आहेत. पाच वर्षांच्या संचातही अ‍ॅडम्ससारख्या काउंटीत चूकमर्यादा मोठी असते, तुम्हाला दिसलेली हालचाल बहुधा तीच असावी. आकड्याशेजारची चूकमर्यादा १.६४५ ने भागा म्हणजे प्रमाण त्रुटी मिळेल, आणि ती मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांवर गेली तर तो आकडा लेखात घेऊ नका. शेजारच्या दोन-तीन काउंट्या एकत्र करून पाहा. आणि २०१८–२०२२ ची तुलना २०१९–२०२३ शी करू नका, त्यात चार वर्षं समान आहेत. २०१३–२०१७ शी करा.