एसीच्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर गेला: नवा टाकावा की जुनाच करून घ्यावा?

सिंहगड_रोडकर

गेल्या महिन्यात कोल्हापूरला निघालो होतो. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, खंबाटकी चढताना आधी हेडलाइट पिवळट पडले, मग वायपर दमल्यासारखे फिरायला लागले आणि मग डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र उगवलं. गाडी बारा वर्षांची, तीन सिलिंडरची हॅचबॅक, एक लाखाच्या वर चाललेली. एसी, ब्लोअर, गाणी सगळं बंद केलं. काचांवर वाफ धरायला लागली म्हणून खिडक्या उघडल्या आणि आईला पावसाचे शिंतोडे खायला लावत कशीबशी साताऱ्यापर्यंत रेटली. तिथे इंजिन बंद केलं ते परत चालू झालंच नाही.

सकाळी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने बघून सांगितलं, अल्टरनेटरचे (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारा, बॅटरी भरणारा) कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे झिजणारे तुकडे, संपलेत, संध्याकाळपर्यंत थांबा, दीड-दोन हजारात करून देतो. मी नको म्हटलं, नवा टाकला. मजुरीसकट ११,४०० रुपये. तेव्हापासून मेहुणा प्रत्येक जेवणात मला येड्यात काढतोय.

माझा हिशेब असा. एसी नसलेल्या जुन्या गाडीत पट्टा सैल करा, दोन बोल्ट काढा, अल्टरनेटर हातात. माझ्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर त्याच्या वाटेतच बसलाय. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) घेऊन खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायचं, एसीचा पट्टा काढायचा, कॉम्प्रेसरचे बोल्ट सोडून तो पाइपांसकट बाजूला बांधून ठेवायचा आणि मग अल्टरनेटर खालून ओढायचा. पाइप खोलायचे नाहीत, नाहीतर गॅस गेला आणि व्हॅक्यूम करून पुन्हा भरायचा खर्च बोकांडी बसला. या सगळ्याला तीन तास लागले. एवढं खोलल्यावर दोनशे रुपयांचे कार्बन घालायचे आणि बारा वर्षांचं बेरिंग, बारा वर्षांचे डायोड (उलटसुलट वाहणारा करंट बॅटरीसाठी एका दिशेचा करणारे) तसेच ठेवायचे? एसीच्या गाडीत अल्टरनेटर दुरुस्त करणं म्हणजे पैसे वाचवल्याचा भास आहे, असं माझं मत झालंय. खोडून काढा.

उद्यमनगरवाला

खोडतो की. दादा, तुम्ही दुरुस्ती म्हणजे नुसते कार्बन समजून बसलाय. आमच्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात अल्टरनेटर टेबलावर आला की पुढचं-मागचं दोन्ही बेरिंग बदलतात, कार्बन नवे, स्लिप रिंगला (कार्बन जिच्यावर घासतात ती कडी) खाच पडली असली तर लेथवर साफ करतात. कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) आणि डायोड प्लेट तपासून खराब असली तरच बदलतात. उरतं काय? तांबं आणि ॲल्युमिनियमची बॉडी. ते काय बारा वर्षांत म्हातारं होतंय व्हय? वायंडिंग जळलं नसेल तर त्याला काही होत नाही. समजा हे सगळं बदललं तरी अडीच-तीन हजारांच्या वर जात नाही. तुमचे तीन तास दोन्हीकडं सारखेच लागणार होते, मग मजुरीचा मुद्दा आला कुठून?

आणि 'नवा' म्हणजे कुठला नवा? खोक्यावर नाव मोठं असतंय, आत कुणाचा माल हे खोकं फोडल्यावर कळतंय. ७० अँपिअरच्या जागी ५० चा बसवून दिलेला मी डोळ्यांनी बघितलाय. बिनएसी मॉडेलचा होता, बोल्ट मात्र तंतोतंत बसले.

ठाण्याचा_मीटर

शेवटच्या ओळीसाठी एक प्लस. हेडलाइटचे दोन बल्ब ५५-६० वॅटचे, म्हणजे नऊ-दहा अँपिअर. ब्लोअर फुल्ल असेल तर दहाच्या वर, एसीच्या कंडेन्सरचा पंखा साधारण तेवढाच, कॉम्प्रेसरचा क्लच तीन-चार, वायपर आणखी काही. त्यात इंजिनचं स्वतःचं खाणं, पेट्रोल पंप, इंजेक्टर, कॉइल. पावसाळी रात्री एसी लावून चाललात की चाळीस अँपिअर कुठेच गेले नाहीत. आणि अल्टरनेटरवर लिहिलेला आकडा भरधाव फिरतानाचा असतो. घोडबंदरला सिग्नलवर इंजिन आठशेवर गुरगुरत असताना जेमतेम निम्मा मिळतो, बाकीचं बॅटरी देते. बिनएसीचा अल्टरनेटर बसवलात तर पहिले काही महिने कळणारही नाही. मग बॅटरीवाल्याकडे जाल आणि तो आनंदाने नवी बॅटरी देईल.

सिंहगड_रोडकर

बॅटरीवाल्याचं बोलूच नका. घाटाच्या दोन महिने आधी सकाळी गाडी जड उचलायला लागली म्हणून मी बॅटरीच बदलली होती. त्याने मीटर लावलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डेपोतले_काका

मी अमरावतीचा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला. तिथं चोवीस व्होल्टचा कारभार, पण डायनामो तो डायनामोच (आम्ही अजून त्याले डायनामोच म्हणतो, हसा खुशाल). पोरांनो, तुम्ही काहून भांडून राहिले? नवा का जुना हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न हा की गेलं काय.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवली पाहिजे. गाडी चालू करून १३.८ ते १४.५. मग एसी, ब्लोअर, हेडलाइट सगळं लावा, एक्सलेटर दाबून इंजिन दोन हजारावर धरा. १३ च्या खाली घसरलं तर कुठंतरी पाणी मुरतंय. पंधराच्या वर गेलं तर कटआऊट गेला, बॅटरी उकळून मरंल. मग मीटर एसी व्होल्टवर करा. हा तुमचा थंडगार एसी नव्हे, करंटचा. अर्ध्या व्होल्टाच्या वर आकडा आला तर डायोडची शंका घ्या. रेडिओत एक्सलेटरसोबत चढणारी शीळ येते ना, तीही बहुतेक त्याचीच.

आणि हे सगळं करायच्या आधी पट्टा अन् अर्थिंगची वायर पाहा. इंजिनपासून बॉडीकडे जाणारी वायर हिरवी पडली असंल तर नवा डायनामोही तुमाले चौदा दाखवणार नाही. अशा कितीतरी गाड्यांचे चांगले डायनामो लोकांनी उतरवले.

उद्यमनगरवाला

काका, बरोबर. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघणारे अजून आहेत, त्यांनाही सांगा कुणीतरी.

डेपोतले_काका

त्यांचे हात बांधून ठेवा. जुन्या डायनामोच्या काळात चालून जायचं ते. आता वायर काढली की व्होल्टेज उसळी मारते, डायोडही जातात अन् इसीएमही (इंजिनचा कॉम्प्युटर). दोन हजाराचं काम पंचवीस हजारावर.

न्यूजर्सीचा_नाना

इकडे हा वाद फारसा होत नाही. दुकानात जुना द्यायचा, कारखान्यात नवा करून आलेला घ्यायचा. जुना परत दिलात की त्याच्यापोटी घेतलेली अनामत परत, वर बऱ्याचदा आयुष्यभराची वॉरंटी. अर्थात वॉरंटीत वस्तू मिळते, मजुरी नाही. माझ्या गाडीत दोन वर्षांत दोनदा बदलून मिळाला, दोन्ही वेळा मी बर्फात गाडीखाली. त्यामुळे मी मूळ धाग्याच्या बाजूने. काढण्या-घालण्याचे कष्ट जास्त असतील तिथे सर्वात भरवशाचा माल घ्यावा.

पिंपरीची_प्राची

उद्यमनगरवाल्यांचा हात चांगला असेल, पण प्रत्येकाला उद्यमनगर मिळत नाही हो. मी दुरुस्त करून घेतला होता, पाच महिन्यांत बेरिंग ओरडायला लागलं. कुठलं बेरिंग घातलं ते बिलावर लिहिलेलंच नव्हतं. पुन्हा कॉम्प्रेसर खाली, पुन्हा मजुरी. दुसऱ्या वेळी तर खालचं कव्हर परत लावायलाच विसरले आणि पहिल्या पावसात डबक्यातलं पाणी थेट अल्टरनेटरवर. बाईमाणूस म्हणून गॅरेजमध्ये 'मॅडम, तुम्हाला नाही कळायचं' ऐकून घ्यायचं ते वेगळंच. मला नवा आणि पावती बरी.

उद्यमनगरवाला

ताई, हा मात्र खरा मुद्दा आहे, यावर माझ्याकडं उत्तर नाही. बेरिंग भारी कंपनीचं आणि कोल्हापुरी मिस्तरी, दोन्ही पाहिजे. बेरिंगचं खोकं समोर फोडायला लावा एवढंच सांगू शकतो.

ठाण्याचा_मीटर

एक राहिलं. नव्या गाड्यांत चार्जिंग इसीएमच्या हातात असतं. बॅटरी भरलेली असली तर तो मुद्दाम पावणेतेरापर्यंत उतरवतो, म्हणजे काकांचा तेराचा नियम तिथे फसवेल. आणि माइल्ड हायब्रिडमध्ये (इंजिनला विजेची थोडी मदत घेणाऱ्या गाड्यांत) अल्टरनेटरच स्टार्टरचंही काम करतो, तो टेबलावर उघडून बघण्याच्या भानगडीत पडू नका. हा सगळा वाद दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांपुरता आहे.

सिंहगड_रोडकर

रविवारी जुना अल्टरनेटर घेऊन ओळखीच्या मिस्तरीकडे गेलो. मेहुणा हट्टाने बरोबर. उघडल्यावर एक कार्बन जेमतेम तीन मिलिमीटर उरलेला, दुसरा अडकून तिरका झिजलेला. डायोड सगळे चांगले. इथपर्यंत मेहुणा खुशीत. मग मिस्तरीने रोटर हातात घेऊन फिरवला तर मागचं बेरिंग वाळू भरल्यासारखं करकरलं. त्याच्या अंदाजाने तीन-चार महिने चाललं असतं. म्हणजे साताऱ्यात नुसते कार्बन घातले असते तर दिवाळीला पुन्हा घाटात. उद्यमनगरकरांच्या पद्धतीने सगळं केलं असतं तर मात्र माझे आठ हजार वाचले असते, हेही मान्य. साताऱ्याच्या माणसाला 'बेरिंगही बदलणार का?' एवढं मी विचारलं नाही. आई गाडीत भिजून बसली होती, संध्याकाळपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. आता सव्वादोन हजारात जुना पूर्ण करून घेतलाय आणि माळ्यावर ठेवलाय. बायको विचारतेय, हे कशाला.

उद्यमनगरवाला

माळ्यावर कशाला? अँपिअर किती आहे? माझ्या पाहुण्यांच्या गाडीला पाहिजे.

सिंहगड_रोडकर

७०. एसीवालाच. मेहुण्याला विचारून सांगतो, तो आता त्याच्यावर हक्क सांगतोय.