मदत हवी आहे: मुठेल घालून साबण केला, जिभेला झटका बसतोय

मंडळी, जरा घाईत लिहितेय. मालवणजवळ राहते, घरापुरता खोबरेलचा साबण दोन-तीन वर्षं करते, ५०० ग्रॅम खोबरेल आणि ८७ ग्रॅम कॉस्टिक सोडा, कधी बिघडला नाही. यंदा भिरंडांच्या (कोकमांच्या) बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, घरात भरपूर होतं (सासूबाई टाचांना लावून लावून किती लावणार) म्हणून २०० ग्रॅम खोबरेल कमी करून तेवढंच मुठेल घातलं, बाकी सगळं तेच. पाच आठवडे झाले, वड्या दगडासारख्या, वर पांढरी पूड, आणि जिभेचं टोक टेकवलं तर बॅटरीला जीभ लावल्यासारखं होतं. हात चुरचुरतात ते वेगळंच. फेकायचा का सगळा?

दुसरं, भाचा बारावी सायन्सला, तो म्हणतो मामी रेणूत डबल बाँड (दुहेरी बंध) असला की तेल पातळ, नसला की घट्ट. मग मुठेलात ४० टक्क्यांच्या आसपास ओलेइक, म्हणजे डबल बाँडवालं, आणि खोबरेल ९० टक्के सॅच्युरेटेड, म्हणजे डबल बाँड नसलेलं, तरी मे महिन्यात खोबरेल पाण्यासारखं आणि मुठेलाचा गोळा फडताळात जसाच्या तसा, हे कसं? भाचा गप्प बसलाय.

शिवाय आमची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, त्यात जुन्या साबणाला फेस यायचा, याला नाही.

प्रतिसाद:
ताई, फेकू नका पण वापरूही नका, त्यात कॉस्टिक उरलंय. तेलाच्या एका रेणूला तीन शेपट्या (फॅटी ॲसिडच्या, म्हणजे कार्बनच्या साखळ्या), प्रत्येक शेपटीला कॉस्टिकचा एक रेणू लागतो. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक, १२ कार्बनचं, मुठेलात बहुतेक सगळं १८ कार्बनचं, म्हणजे रेणू जड, ग्रॅममागे रेणू कमी, कॉस्टिक कमी. खोबरेलला ग्रॅममागे ०.१८३, मुठेलला ०.१३४ धरा. तुमच्या मिश्रणाला फार तर ८२ लागलं असतं, तुम्ही ८७ घातलंत. हातमोजे घालून वड्या किसा, थोडं पाणी आणि ५० ग्रॅम खोबरेल घालून मंद आचेवर परत शिजवा, चारेक टक्के तेल मोकळं राहील.

भाचा खोटं नाही बोलत, अर्धं बोलतोय. डबल बाँडने शेपटी वाकते हे खरं, पण लांबी पण बघायची, आखूड शेपट्या एकमेकींना कमी धरतात, त्यात खोबरेलात ८ पासून १८ कार्बनपर्यंत सगळी सरमिसळ, म्हणून २४ अंशाच्या आसपासच वितळतं. मुठेलात बहुतेक रेणू एकाच साच्याचे, दोन्ही कडांना सरळ स्टिअरिक, मधे वाकडं ओलेइक. एकसारखे असल्याने कौलं रचावी तसे बसतात, ३८-४० पर्यंत हलत नाहीत. कोको बटरचंही असंच.

फेसाचं कारण पण लांबीच. मचूळ पाण्यातलं मीठ साबणाला पाण्यातून बाहेर ढकलतं, लांब शेपटीवाल्याला आधी. जहाजावर समुद्राच्या पाण्यात वापरायचा साबण खोबरेलचा असायचा तो उगाच नाही. मचूळ पाण्यासाठी मुठेल शंभरेक ग्रॅमच्या वर नको.

धागाकर्ती:
देव बरे करो! भाच्याला वाचून दाखवलं, तो आता मोठमोठ्याने कार्बन मोजतोय. परत शिजवायला ॲल्युमिनियमचा टोप चालेल ना?

प्रतिसाद:
अजिबात नको! कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हायड्रोजन सुटतो. स्टीलचा घ्या, आणि खिडकी उघडी ठेवा.