मदत हवी आहे : सेदानसाठी ऑल सीझन टायर कुठले घ्यावेत? (तातडीचं)

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. चारही टायर बदलायचेत. पाऊस तोंडावर आलाय आणि शनिवारी दुकानात जायचं ठरलंय, त्यामुळे फार वेळ नाही. गाडी सेदान आहे. ऑल सीझन टायरच घे असं भावोजी म्हणतात, ते अमेरिकेत असतात. दुकानदार भलतंच माप गळ्यात मारतोय. नक्षी तशी बरीच शिल्लक आहे, पण पावसात गाडी सरकते. बजेट ठीकठाक. कुठले घेऊ तेवढं सांगा. लिंका देऊ नका, वाचायला वेळ नाही.

चिरेखाण
एमआरएफ. डोळे झाकून. आमच्याकडे वडिलांच्या जीपपासून तेच आहेत.

घाटवळण
गाडी कुठली? माप काय? चालवता कुठे? पायाचा नंबर न सांगता चपला मागताय तुम्ही.

रात्रपाळी
सेदान लिहिलंय की वर. माप कंपनीचं जे येतं तेच. चालवतो इथेच, कोकणात.

मालवणी खाजा
अरे मेल्या, इथेच म्हणजे खंय? आणि सेदान घेतलंस कित्याक? आमच्या वाडयेच्या रस्त्यार तिचा पोट घासता. ती इक आणि उंच गाडी घे बघू. टायराचो प्रश्नच ऱ्हवाचो नाय.

घाटवळण
@मालवणी खाजा, त्यांनी टायर विचारलेत. गाडी विकू का, असं कुठे विचारलंय?

मालवणी खाजा
इचारूक नाय म्हणानच सांगतंय.

यंत्रमग्न
'ऑल सीझन'बद्दल आधी. हा प्रकार थंड देशांतला. तिकडच्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक पडतं, म्हणून हिवाळ्यात वेगळे टायर चढवतात. वर्षातून दोनदा ही उठाठेव नको असलेल्यांसाठी ऑल सीझन. भावोजींना ते हवेत, कारण त्यांच्याकडे बर्फ पडतो. त्या टायरवर 'एम+एस' लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. काहींवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चित्र असतं.

कोकणात ७ अंश कधी बघितलेत? आपल्याकडे दोनच गोष्टी: मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता आणि पुढचे चार महिने पाणी. तेव्हा दुकानात 'ऑल सीझन' शब्द काढूच नका, दुकानदार कुठल्याही टायरला हो म्हणेल. ओल्या रस्त्यावर पकड कुठल्याची चांगली, हे विचारा.

रात्रपाळी
बरं. मग ओल्या रस्त्यावर कुठल्याची चांगली? तेच तर विचारतोय.

सुरंगी
भाऊ, रागावू नका, पण मारुतीची डिझायर आणि होंडाची सिटी दोन्ही सेदानच. नुसत्या डिझायरचीच दोन मापं आहेत: २०१७ नंतरच्या एलएक्सआय-व्हीएक्सआय प्रकारांना १६५/८० आर १४ आणि झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. टायरच्या कडेला लिहिलेलं असतं, खाली जाऊन फोटो काढा. आणि त्याच कडेला 'डॉट'पासून सुरू होणारी अक्षरं आहेत, त्यांच्या शेवटी चार आकडे असतील. तेही सांगा. कधी एकाच बाजूला असतात, बाहेर दिसले नाहीत तर आतून बघावं लागेल.

रात्रपाळी
डिझायर व्हीएक्सआय. १६५/८० आर १४ ८५टी. चार आकडे ३४१७. दुकानदार १८५/७० आर १४ टाक म्हणतो, याच रिमवर बसतात, गाडी दबदबीत दिसते म्हणे.

सुरंगी
३४१७ म्हणजे २०१७ सालचा ३४वा आठवडा. आठ वर्षं उलटून गेली त्या टायरना! नक्षी कितीही असो, रबर वाळलंय. कडेला केसासारख्या भेगा दिसतात का बघा.

पण आठ वर्षांत नक्षी संपली कशी नाही? गाडी उभी असते का?

रात्रपाळी
हो, भेगा आहेत. गाडी भावाची. बोरिवलीला बिल्डिंगखाली उभीच असायची, गणपती-शिमग्याला गावी यायची तेवढीच. आता माझ्याकडे देवगडला आहे. आईला कोल्हापूरला डॉक्टरकडे न्यावं लागतं, नांदगाव-फोंडाघाट-राधानगरी करून. घाटातच सरकते.

चिरेखाण
घाटात सरकते ती टायरमुळे नाही, चालवण्यामुळे. उतारावर दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेकवर उभे राहू नका.

घाटवळण
दोन्ही खरं आहे. पहिल्या सरी पडतात तेव्हा रस्त्यावरचं तेल, धूळ आणि दरडीची लाल माती मिळून लेप तयार होतो, त्यावर कोरा टायरसुद्धा घसरतो. चार दिवस धो-धो कोसळला की रस्ता धुतला जातो आणि उलट बरा होतो. मग झाडाखालच्या वळणांवर शेवाळ धरतं ते वेगळंच. पण आठ वर्षांचं दगड झालेलं रबर असेल तर नुसत्या दुसऱ्या गिअरने काय होणार?

खारेपाटण टू झाराप
पाण्यावर गाडी तरंगते, त्याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. म्हणून खोल नक्षी हवी.

यंत्रमग्न
घाटात पस्तीस-चाळीसच्या वेगाला तरंगत नाही हो गाडी. तो प्रकार तुमच्या मुंबई-गोवा चौपदरीवर, नव्वदने जाताना डबकं आलं की. तिथे नक्षीची खोली आणि हवेचा दाब महत्त्वाचा. हवा कमी असेल तर कमी वेगालाही गाडी तरंगते. घाटातलं सरकणं हा रबराच्या पकडीचा मामला. टायरच्या खोबणीत आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिमी उंच. नक्षी तिथवर झिजली की टायर कायद्याने बाद. पण मुसळधार पावसासाठी मी तिथपर्यंत थांबणार नाही, तीनला आला की बदलतो.

खारेपाटण टू झाराप
चौपदरीवर नव्वदने जायला रस्ता रिकामा तर पाहिजे! आमच्याकडे तरी काँक्रीट झालंय, वर रत्नागिरीकडे गेलात की काय अवस्था होती विचारा. एका पावसात टायरच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फुगा आला होता मला, खड्डा पाण्याखाली दिसलाच नाही. आता कशेडीचा बोगदा झाल्यापासून जरा...

घाटवळण
महामार्गाचा धागा वेगळा आहे. तिथे साडेचारशे प्रतिसाद झालेत, भर घाला.

रात्रपाळी
१८५ घेऊ की १६५? शनिवार जवळ आलाय.

चिरेखाण
१८५. जितका रुंद तितकी पकड. साधी गोष्ट आहे.

यंत्रमग्न
कोरड्या रस्त्यावर साधी असेल. साचलेल्या पाण्यात अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तो लवकर तरंगतो.

मापाचं गणित असं. १६५/८० म्हणजे रुंदी १६५ मिमी, साइडवॉलची उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे १३२. चौदा इंची रिम ३५५.६. एकूण व्यास सुमारे ६२० मिमी. १८५/७० चा येतो सुमारे ६१५. फरक एक टक्क्याहून कमी, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि टायर कुठे घासतही नाही. वजनाचा आकडाही ८५ वरून बहुधा ८८ होईल, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोऐवजी ५६०. दुकानदार खोटं बोलत नाहीये. पण मायलेज थोडं जाईल, स्टेअरिंग जरा जड होईल, आणि स्टेपनी १६५ चीच राहील. मी असतो तर कंपनीचंच माप.

चिरेखाण
मी १८५ टाकलेत डिझायरला. रुबाबात बसते गाडी.

यंत्रमग्न
रुबाबाचा धागा नाही हा.

सुरंगी
१६५/८० त चांगले पर्याय जरा कमी मिळतात, हेही खरं. पावसाची पकड हीच गरज असेल तर मिशेलिन एनर्जी एक्सएम२+ किंवा योकोहामा अर्थ-१ तुमच्या मापात येतील का विचारा. अपोलो अमेझर ४जी लाइफ जास्त किलोमीटर टिकण्यासाठी बनवलेला आहे. ज्यांचं रोजचं रनिंग मोठं त्यांनी घ्यावा. तुमची गाडी वर्षाला फार चालणारच नाही. टायर झिजायच्या आधी म्हाताराच होणार, मग टिकाऊपणाला पैसे कशाला? आणि दुकानात पाय ठेवल्यावर आधी ते चार आकडे वाचा. सहा महिन्यांच्या आतला माल मागा. किनाऱ्याकडच्या लहान दुकानांत वर्ष-दीड वर्ष पडून असलेला टायर 'नवा' म्हणून देतात, मला एकदा असाच दिला होता.

आंबा पेटी
विमा नूतनीकरण केलं का? झिरो डेप (घसारा न कापणारा) घ्या. आणि वायपरची रबरं बदला पावसाच्या आधी.

रात्रपाळी
विमा नको, टायर पाहिजेत. दोनच घेतले तर चालेल का? आणि मागच्या दोन चाकांची हवा आठवड्यात उतरते. पंक्चरवाल्याने पाण्यात बुडवून बघितलं, पंक्चर नाही म्हणाला.

चिरेखाण
नायट्रोजन भरा, उतरणार नाही. आणि दोनच घेतलेत तर नवे पुढे. इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे, स्टेअरिंग पुढे.

यंत्रमग्न
चूक! नवे मागे. पुढच्या टायरची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की पुन्हा ऐकते. मागच्यांची सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि फोंडा घाटाच्या वळणावर गिरकी घेतली की खाली दरी. टायर कंपन्यासुद्धा हेच सांगतात, फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी.

चिरेखाण
तीस वर्षं चालवतोय मी. पुढे.

यंत्रमग्न
तीस वर्षांत मागच्यांची पकड सुटली नाही, हे नशीब तुमचं.

घाटवळण
भांडू नका. आठ वर्षांच्या टायरांत 'दोनच' हा प्रश्न येतच नाही. चारही बदला. आणि नायट्रोजनचं काय घेऊन बसलात, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. गळती असेल तिथून तोही जाईल.

@रात्रपाळी, घर समुद्राजवळ आहे का? चाकं लोखंडी डिस्कची की अलॉयची?

रात्रपाळी
खाडीला लागून. लोखंडी. वर प्लास्टिकचे कप आहेत.

घाटवळण
मग सापडला चोर. खारी हवा. ट्यूबलेस टायरची हवा धरून ठेवतो तो टायरचा काठ आणि डिस्कची कड यांचा घट्ट जोड. तिथे गंज चढला की रंगाची पापुद्री उठते आणि हवा सावकाश झिरपते. पाण्यात चाक घाईत बुडवलं तर बुडबुडे दिसतही नाहीत. साबणाचं पाणी ब्रशने कडेला लावून पाच मिनिटं बघायचं. कप लावलेले असल्यामुळे बाहेरचा गंजही तुम्हाला दिसला नसेल.

नवे टायर चढवायच्या आधी डिस्क मोकळ्या करून कड तारेच्या ब्रशने घासून घ्या. पातळ प्रायमर मारा, पूर्ण वाळू द्या, मग टायर बसवताना कडेला बीड सीलर, म्हणजे जोड हवाबंद करणारा लेप. गंजाने खड्डे पडले असतील तर ती डिस्कच बदला, लोखंडी डिस्क अलॉयच्या मानाने स्वस्त असते. रबरी व्हॉल्व्ह चारही नवे, त्यात कंजुषी नको. हे केलं नाहीत तर नवे टायर घालूनही आठवड्याला हवा भरत बसाल. शनिवारी मालक म्हणेल 'होतं हो, काय फरक पडत नाय', त्याचं ऐकू नका. गर्दी असेल तर डिस्क आदल्या दिवशी पंक्चरवाल्याकडूनच साफ करून घ्या.

सुरंगी
हे मला सुचलं नाही! आमच्या स्कूटरचंही हेच होतं बहुतेक. आणि रात्रपाळी, कमी हवेचे मागचे टायर म्हणजे घाटात मागची बाजू हलणारच. रबर म्हातारं आणि वर हवा नाही, दोन्ही एकत्र आलेत तुमच्याकडे. हवा गाडी थंड असताना बघा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. आई आणि सामान असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा धरायचा. स्टेपनीची तारीखही वाचा, ती पण ३४१७ च्या आसपासचीच निघेल.

मालवणी खाजा
स्टेपनी डिकीत असा ना पण? माझी शेजाऱ्यान न्हेली ती अजून येऊक नाय.

आंबा पेटी
जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय टायरवर, २२ सप्टेंबर २०२५ पासून. जुन्या भावाने बिल लावत नाहीत ना बघा.

घाटवळण
हे मात्र कामाचं बोललात.

रात्रपाळी
काम झालं. १६५/८० च घेतले, मिशेलिन, याच वर्षाचे. एक डिस्क गंजून चाळण झाली होती ती बदलली, बाकीच्या तीन घासून घेतल्या. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह सगळं केलं. स्टेपनी २०१७ चीच निघाली, तीही बदलली. म्हणजे पाच टायर, बजेट ठीकठाकच्या वर गेलं. दुकानदार १८५ चं शेवटपर्यंत सोडत नव्हता. घाटात अजून गेलो नाही, आणि हवा उतरते का ते आठवड्याने कळेल. भावोजींना बर्फाचं सांगितलं, ते म्हणतात तरी ऑल सीझन चांगलेच.

यंत्रमग्न
पहिले शे-दोनशे किलोमीटर जपून. नव्या टायरवर कारखान्यातला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. लगेच पावसात घाट करू नका.

चिरेखाण
एमआरएफ घ्यायला हवे होते.

मालवणी खाजा
जुने टायर दुकानात सोडलंस की घराक हाडलंस? टाकू नको. होडयेक बांधूक दोन होये होते, धक्क्यार लय घासता ती. देवगडात खंय असस ता सांग, येवन न्हेतंय.