ओटी टेक्निशियनचं शिकू का? वडील म्हणतात ट्रॉली ढकलायचं काम

विट्याची_पोर
नमस्कार. मी विट्याची, बारावी सायन्स झाली, बायो ग्रुप. नीटचे मार्क कशालाच पुरेनात आणि रिपीट करायला घरात पैसे नाहीत. मागच्या वर्षी मिरजेत आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हिरव्या कपड्यातला एक दादा तिला आत नेताना वाकून विचारत होता, आजी नाव सांगा, कवळी काढली का, पाणी कधी प्यालात, कुठल्या पायाचं ऑपरेशन हाय, आणि आजी त्याच्याशी बोलता बोलता शांत झाली. तेव्हापासनं डोक्यात बसलंय की हेच करायचं. पण वडील म्हणतात त्यात काय शिकायचं, ट्रॉली ढकलायचं काम ते. आत्येभाऊ लंडनला हाय तो म्हणतो तिकडं याला ओडीपी म्हणजे ऑपरेटिंग डिपार्टमेंट प्रॅक्टिशनर म्हणतात, डिग्री लागते. एक सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवाला रोज फोन करतोय, नोकरीची गॅरंटी म्हणतोय. काय करू कळंना झालंय, खरं सांगा.

मिरज_ओटी
पोरी, मी १४ वर्षं भुलेच्या बाजूला काम करतोय आणि सुरुवात मी पण असल्याच सहा महिन्यांच्या क्लासनं केलीय म्हणून सांगतो, नको करू. मला तिथं नावं पाठ करून घेतली, मशीनला हात लावून दिला नाही. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात पेशंटला हातपाय ढिले पडायचं इंजेक्शन देऊन झालं, म्हणजे आता त्याचा श्वास आपल्या हातात, भूलतज्ज्ञ मॅडमनी लॅरिंगोस्कोप मागितला, म्हणजे घसा बघून श्वासनळीत ट्यूब घालायचं दिव्याचं हत्यार, आणि त्याचा दिवा पेटेना. मी सकाळी बघितलाच नव्हता. दुसरा हँडल ड्रॉवरमध्ये होता, मॅडमनी तोवर मास्कनं श्वास दिला, पेशंट सुखरूप, पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. तेव्हापासनं पहिली केस आठची असली तर मी पावणेसातला आत. ऑक्सिजनचं प्रेशर, जादाचा सिलेंडर, श्वासाच्या नळ्यांचं सर्किट गळतंय का, सक्शन ओढतंय का, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमचा रंग बदललाय का, ट्यूबचा फुगा टिकतोय का, आणि लॅरिंगोस्कोप दोन, दोन्ही पेटवून बघायचे.

वडिलांना ट्रॉलीचंच सांग. भूल दिलेला माणूस हात अवघडलाय म्हणून सांगू शकत नाही. कोपर टेबलाच्या कडेला दाबून राहिलं किंवा हात ९० अंशाच्या पुढं ताणला तर नस दुखावते, माणूस उठतो आणि बोटं बधिर. कोपराखाली पॅड सरकवणारा माणूस शिकलेला लागतो.

आणि २०२१ चा केंद्राचा कायदा आहे, अलाइड हेल्थवाल्यांसाठी, त्यात डिप्लोमा किंवा डिग्री किमान २००० तासांची आणि दोन वर्षांची पाहिजे असं लिहिलंय. सहा महिने त्यात कुठं बसत नाहीत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची डिग्री, बघ, नाहीतर अभिमत विद्यापीठांचा बीएस्सी. ॲडमिशनच्या आधी एकच विचार, ओटीत उभं कधीपासनं करणार आणि कुठल्या हॉस्पिटलात.

सातारकर_परदेशी
मी साताऱ्याचा, इंग्लंडमध्ये ओडीपी आहे. भावानं सांगितलं ते बरोबर आहे. इथं तीन वर्षांची डिग्री, निम्मा वेळ थेट थिएटरमध्ये, आणि भूल, सर्जरी, रिकव्हरी तिन्ही ठिकाणी तयार व्हावं लागतं. म्हणजे सकाळी भूलतज्ज्ञाबरोबर असलेला माणूस दुपारी स्क्रब होऊन, म्हणजे हात निर्जंतुक धुऊन गाउन-ग्लोव्हज घालून, सर्जनला हत्यारं देतो आणि संध्याकाळी जागा होणाऱ्या पेशंटजवळ उभा. २००४ पासून एचसीपीसी या इथल्या नोंदणी संस्थेकडं रजिस्ट्रेशन आहे, त्याशिवाय कुणाला स्वतःला ओडीपी म्हणवता येत नाही. भारतातल्या शिक्षणावर अर्ज करता येतो पण ते एकेक विषय आणि एकेक तास तपासतात, कमी पडलं तर इथं काही काळ देखरेखीखाली काम करायला लावतात, आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७, एकाही भागात ६.५ च्या खाली नको. म्हणून आत्तापासून लॉगबुक लिही, कुठली केस, तू काय केलंस, सही कुणाची. मी लिहिलं नव्हतं, नंतर फार जड गेलं.

आणि त्या दादानं आजीला नाव आणि कुठला पाय हे विचारलं ना, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) २००८ च्या सर्जरी चेकलिस्टमधलं साइन इन, म्हणजे भूल द्यायच्या आधीची तपासणी. माझ्या थिएटरमध्ये रोज सकाळी हेच चालतं, फक्त इंग्रजीत.

कराडची_सिस्टर
एकच सांगते. पोट शिवायला घेतलं आणि मोजणीत एक मॉप, म्हणजे पोटात रक्त टिपायचं कापड, कमी, सर्जन म्हणाले तुमचंच मोजायला चुकलंय, शिवतो. आमचा नवीन टेक्निशियन पोरगा २२ वर्षांचा, म्हणाला सर थांबा, मी परत मोजतो. बादलीत नाही, खाली नाही. मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा असतो, सी-आर्म म्हणजे ओटीतलं एक्स-रे मशीन आणलं, लिव्हरच्या मागं होता. त्या पोराला ओटीत आता कुणी तू बाहेर जा म्हणत नाही. तुझ्यात असं मोठ्या माणसाला थांबा म्हणायची हिंमत असेल तर ये बाळा.

विट्याची_पोर
सर्टिफिकेटवाल्याला नाही सांगितलं. कोपराखालच्या पॅडचं वडिलांना वाचून दाखवलं, ते काहीच बोलले नाहीत, थोड्या वेळानं म्हणाले आईच्या डाव्या हाताला पॅड लावलं होतं का गं. मिरज दादा, येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय, तुमची ड्युटी असेल तर संपेपर्यंत बाहेर बसतो.