चालू लाइनवर चढणाऱ्याच्या अंगावरचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं की नाही?

ऐरोलीकर: बाबा अठरा वर्षं ४०० केव्हीच्या (म्हणजे ४ लाख व्होल्टच्या) लाइनवर हॉटलाइन गँगमध्ये होते, कळवा-पडघे पट्ट्यात. हॉटलाइन म्हणजे वीज सुरू ठेवूनच तारेला हात घालायचा. धातूच्या धाग्यांचा सूट विद्युत क्षेत्र अडवतो, पण ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये ते 'कदाचित कर्करोगकारक' अशा २बी गटात टाकलं. बाबांचं बीपी, डोळे दरवर्षी तपासले, क्षेत्र एकदाही मोजलं नाही. प्रत्येकाच्या अंगावरच्या क्षेत्राची नोंद हवीच.

सबस्टेशनवाला: काळजी कळते, पण पटत नाही. २बीचा आधार होता लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग, तोही ज्यांच्या घरात सरासरी ०.३-०.४ मायक्रोटेस्लाहून (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) जास्त क्षेत्र होतं त्यांचा. कामगारांबाबतचा पुरावा तिथेच अपुरा ठरला. आमची माणसं जातात शॉकने, नाहीतर पडून. डबल सर्किट टॉवरवर, म्हणजे एकाच टॉवरवर दोन वेगळ्या लाइन असतात तिथे, एका सर्किटचं परमिट (ते बंद करून काम करायची लेखी परवानगी) घेतलं तरी शेजारच्या चालू सर्किटमुळे बंद तारेत व्होल्टेज चढतं. अर्थिंग नसेल, म्हणजे तार जमिनीला जोडलेली नसेल, तर माणूस हातचा गेला. पैसा आधी तिथे घाला. कामगारांसाठी २०१० ची आंतरराष्ट्रीय मर्यादा १००० मायक्रोटेस्ला आहे, तिच्या आतच असतो आपण.

ऐरोलीकर: ती मर्यादा नसांवर लगेच होणाऱ्या परिणामांसाठी आहे, अठरा वर्षांच्या कामासाठी नाही. हिशेब करा, तारेतून ३०० अँपिअर आणि छाती ३० सेंटिमीटरवर: २०० मायक्रोटेस्ला! घरातल्या त्या ०.४ च्या पाचशे पट. आणि बंद तारेत व्होल्टेज चढतं त्यात विद्युत क्षेत्रासोबत या चुंबकीय क्षेत्राचाही वाटा असतो ना?

सबस्टेशनवाला: मग अमेरिकेतलं १९९५ चं संशोधन बघा. पाच वीज कंपन्या, १ लाख ३८ हजारांवर कामगार. रक्ताच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही.

ऐरोलीकर: मेंदूच्या कर्करोगाचे मृत्यू थोडे जास्त दिसले, तेही सांगा.

कंत्राटी लाइनमन: मी ११ केव्हीवाला, दिवा-मुंब्रा भागातला. दादा, त्या अमेरिकेतल्या संशोधकांना ते शोधता आलं कारण कोण किती वर्षं कुठल्या कामावर होता ते कंपनीकडे लिहिलेलं होतं. माझा ठेकेदार नऊ वर्षांत चारदा बदलला. उद्या मला काही झालं तर मी कुठल्या खांबावर होतो हे कुणाला विचारणार?

सबस्टेशनवाला: हे मात्र खरं आहे. आमच्या परमिट बुकात परमिट घेणाऱ्याचंच नाव असतं, वर चढलेल्या बाकी चौघांचं नसतं.