काळ्या मातीत घरामागं टर्फ (प्लास्टिकचं गवत) बसवायचंय, खाली काय घालू?

बेळगावजवळ येळ्ळूरला घरामागं मोकळी जागा आहे, पोरांसाठी बॅडमिंटन कोर्टाएवढं, ४४ बाय २० फूट टर्फ घालायचा विचार करायलोय. पण माती भाताच्या शेतातली, काळी चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात बूट रुतून बसतो. ठेकेदार म्हणतोय रोलर फिरवून डायरेक्ट वर टाकू. चालेल काय ओ?

उत्तर १: अजिबात नको! काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, टर्फ तिच्याबरोबर वरखाली होऊन जॉइंट उघडणार. फूट-दीड फूट माती काढा, तळाला जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) अंथरा नाहीतर चिखल खडीत चढतो, मग मुरूम, खडी, शेवटी क्रशरची कच, आणि प्रत्येक थर थोडं पाणी मारून वेगळा दाबायचा, सगळं एकदम भरून रोलर फिरवला तर खाली पोकळच राहतं.

उत्तर २: वरच्या दादांचं बरोबर, पण आधी पाण्याचं बघा. खड्डा खणला की चारी बाजूला चिकणमाती, म्हणजे हौदच तो. कडेनं भोकाचा पाइप टाकून पाणी गटारीला काढा, ढाळ शंभर फुटाला एक फूट. खानापूरकडच्या तांबड्या मातीत पाणी मुरतं, तिथलं बघून इथं अंदाज धरू नका.

उत्तर ३: फुटबॉलचं लांब पात्याचं टर्फ घेऊ नका, बॅडमिंटनला पाय अडकतो. आखूड घ्या, पात्यांमध्ये सिलिका वाळू भरून. आणि काम पाऊस संपून माती वाळल्यावरच काढा ओ.